विश्लेषण : दिव्यामागच्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल कोण होत्या? रुग्णांची बाजू त्यांनी कशी लढवली?

दरवर्षी १२ मे रोजी जागतिक परिचारिका दिन साजरा होतो. नर्सिंग महाविद्यालयांत विद्यार्थी हातात दिवा घेऊन शपथ घेतात. समोर एका इंग्रज महिलेची तसबीर असते. हातात कंदील, चेहऱ्यावर शांत भाव. ही प्रतिमा जगभर पोहोचली ती १८५५च्या फेब्रुवारीत लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलेल्या चित्रामुळे. पण नेमक्या त्याच महिन्यात, त्या महिला जिथे काम करत होत्या त्या रुग्णालयातील मृत्युदर सर्वाधिक होता. युद्ध संपल्यावर याचे कारण आकडेवारीतून समोर आले, तेव्हा ते झाकून ठेवणे सहज शक्य होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी मात्र ते जगासमोर यावे यासाठी आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावली. रुग्णाच्या बाजूने उभे राहणे हे परिचारिकेचे कर्तव्य कसे ठरले, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या आयुष्याचा हा कमी सांगितला जाणारा भाग पाहावा लागतो.

सुखवस्तू घरातील मुलगी या कामाकडे कशी वळली?

फ्लॉरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला आणि शहराचेच नाव त्यांना मिळाले. घर श्रीमंत होते. इंग्लंडमध्ये डर्बीशायर आणि हॅम्पशायर अशा दोन ठिकाणी प्रशस्त घरे, नोकरचाकर, पाहुण्यांची ये-जा. वडील विल्यम नाइटिंगेल यांनी दोन्ही मुलींना स्वतः शिकवले. ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान हे सारे त्यात होते. फ्लॉरेन्स यांना गणिताची विशेष ओढ होती. त्या काळातील मुलींच्या शिक्षणात हे विषय फारसे नसत.

वयाच्या सतराव्या वर्षी आपल्याला ईश्वराने सेवेसाठी बोलावले आहे, अशी त्यांची श्रद्धा झाली. पण सेवा म्हणजे नेमके काय, हे ठरायला अनेक वर्षे गेली. आजारी माणसांची शुश्रूषा करायची आहे असे त्यांनी घरी सांगितले, तेव्हा आई आणि बहीण हादरल्या. त्याला कारण होते. त्या काळी पैसेवाल्यांवर उपचार घरीच होत आणि रुग्णालयांत येत ते बहुतांश गरीब. तिथे काम करणाऱ्या बायकांना ना प्रशिक्षण होते, ना मान. त्या दारू पितात, रुग्णांकडून पैसे उकळतात असाच सर्वसाधारण समज होता. अशा ठिकाणी आपली मुलगी पाठवायची, ही कल्पनाच कुटुंबाला सहन होण्यासारखी नव्हती.

फ्लॉरेन्स यांनी चांगले स्थळ नाकारले. त्या सरकारी अहवाल आणि रुग्णालयांची माहिती मिळवून पहाटे उठून वाचत राहिल्या. अखेर १८५१ मध्ये जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या कायझरस्वर्थ येथील संस्थेत सुमारे तीन महिने राहून त्यांनी शुश्रूषेचे धडे घेतले. तेव्हा त्यांचे वय ३१ होते.

पहिल्याच नोकरीत वाद कशावरून झाला?

१८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीट परिसरात आजारी महिलांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका छोट्या संस्थेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पगार नव्हता. वडिलांनी वर्षाला ५०० पौंड द्यायचे कबूल केले होते, त्यावर त्यांचा खर्च चाले.

संस्थेच्या समितीला फक्त चर्च ऑफ इंग्लंडच्या अनुयायी महिलांनाच प्रवेश द्यायचा होता. नाइटिंगेल यांनी हा नियम मान्य करण्यास नकार दिला. आजारी बाई कॅथलिक असो वा ज्यू, तिला जागा मिळाली पाहिजे आणि तिच्या धर्मगुरूला तिला भेटता आले पाहिजे, ही त्यांची अट होती. अट मान्य होणार नसेल तर पद नको, इथपर्यंत त्यांनी ताणून धरले. समितीने माघार घेतली. रुग्णाचा धर्म पाहून सेवा ठरवायची नाही, हे आज कोणत्याही आचारसंहितेत पहिल्या काही ओळींत असते. तेव्हा त्यासाठी भांडावे लागले होते.

दुसरा आग्रह वरवर पाहता किरकोळ होता. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी यावे, जेवण वर नेण्यासाठी यांत्रिक पाळणा असावा आणि रुग्णाने घंटा वाजवल्यावर ती कोणाची हे बाहेरच्या परिचारिकेला कळेल अशी खूण असावी. परिचारिकेच्या पायांचे श्रम जिने चढण्यात जाऊ नयेत, ते रुग्णापर्यंत पोहोचावेत, हा त्यामागचा हिशेब. खाटेशेजारच्या ज्या बटणाने आपण आज नर्सला बोलावतो, त्यामागेही हाच विचार आहे.

स्कुटारीत त्यांना काय दिसले?

१८५३ मध्ये रशिया आणि ऑटोमन साम्राज्य यांच्यात युद्ध पेटले. पुढच्या वर्षी ब्रिटन आणि फ्रान्स तुर्कांच्या बाजूने त्यात उतरले. काळ्या समुद्रातील क्रिमिया द्वीपकल्पावर मुख्य लढाई झाली म्हणून हे क्रिमियन युद्ध. जखमी आणि आजारी ब्रिटिश सैनिकांना जहाजांतून समुद्रापार, आजच्या इस्तंबूलचा भाग असलेल्या उस्कुदार येथे आणले जाई. तेव्हा इंग्रज त्याला स्कुटारी म्हणत. तिथे तुर्की सैन्याच्या एका अवाढव्य बराकीचे रुग्णालय करण्यात आले होते.

तिथली दुर्दशा ‘द टाइम्स’ने छापली आणि इंग्लंडमध्ये संतापाची लाट उसळली. पट्ट्यांना कापड नाही, शस्त्रक्रियेला पुरेशी माणसे नाहीत, आजाऱ्यांकडे बघायला कोणी नाही. युद्ध खात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे नाइटिंगेल यांचे स्नेही होते. त्यांच्या विनंतीवरून ३८ महिलांचे पथक घेऊन त्या २१ ऑक्टोबर १८५४ रोजी निघाल्या आणि ४ नोव्हेंबरला स्कुटारीला पोहोचल्या. पथकात कॅथलिक नन्स होत्या, अँग्लिकन सिस्टर्स होत्या आणि रुग्णालयांत काम केलेल्या साध्या नर्सेसही होत्या. आजाऱ्याला धर्म शिकवायला जायचे नाही, ही ताकीद सगळ्यांना सारखीच होती.

बराकीत खाटा कमी आणि माणसे अधिक. अनेक जण जमिनीवर पडलेले. अंगावर लढाईतलेच रक्ताने माखलेले कपडे, त्यांत उवा. शौचकूप तुंबलेले. ताटे-चमचे नाहीत, साबण नाही, टॉवेल नाही. इमारतीच्या खालून जाणारी गटारे मैल्याने भरलेली. विशेष म्हणजे त्याच शरद ऋतूत सैन्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी जॉन हॉल यांनी स्कुटारीतील व्यवस्था समाधानकारक असल्याचे वर कळवले होते.

डॉक्टरांनी विरोध केला तेव्हा त्यांनी काय केले?

लष्करी डॉक्टरांना या बायका नको होत्या. त्यांना आपल्या कामातील ढवळाढवळ आणि वरिष्ठांकडे चुगली होण्याची भीती वाटत होती. नाइटिंगेल यांनी इथे घेतलेली भूमिका आजही चर्चेचा विषय आहे. डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय एकाही परिचारिकेने वॉर्डात पाऊल टाकायचे नाही, असा हुकूम त्यांनी काढला. समोर माणसे कण्हत असताना त्यांच्या सहकारी खोलीत बसून पट्ट्या शिवत होत्या. हे पथकातील कित्येकींना निष्ठुरपणाचे वाटले.

पण काही दिवसांतच इंकरमनच्या लढाईतील जखमींचे लोंढे आले आणि डॉक्टरांनीच मदत मागितली. त्यानंतर त्यांना कोणी हटवू शकले नाही. शिस्त मोडून पहिल्याच दिवशी आत घुसल्या असत्या, तर पथक परत पाठवले गेले असते, असा त्यांचा कयास होता. रुग्णाची बाजू लढवायची तर आधी त्या जागेवर टिकावे लागते, हा धडा त्यातून मिळाला. ज्यांनी त्या काही दिवसांत मदतीची वाट पाहिली, त्यांच्यासाठी त्याची किंमत काय होती, हा प्रश्नही त्यासोबत उरतोच.

आत गेल्यावर मात्र त्यांनी नियमांपुढे मान तुकवली नाही. गोदामात सामान असूनही कागदपत्रे पूर्ण नाहीत म्हणून ते बाहेर निघत नसे. त्यांनी ‘द टाइम्स’ने जमवलेल्या निधीतून आणि स्वतःच्या पैशांतून सदरे, घासण्याचे ब्रश, ताटल्या, मोजे बाजारातून विकत घेतले. नवे आजारी येणार म्हटल्यावर इमारतीचा मोडका भाग मजूर लावून दुरुस्त करून घेतला आणि मंजुरी नंतर मागितली. कपडे धुण्याची आणि आजाऱ्यांच्या पथ्याचे जेवण शिजवण्याची वेगळी सोय केली. मेलेल्या सैनिकांच्या घरी त्या स्वतः पत्रे लिहीत. बरे होत असलेल्यांना पगार घरी पाठवता यावा यासाठी त्यांनी व्यवस्था उभी केली. साधा सैनिक पैसे फक्त दारूत उडवतो, हा अधिकाऱ्यांचा समज त्याने खोटा ठरवला.

रात्री आठनंतर इतर महिलांना वॉर्डात जाण्याची परवानगी नव्हती. तेव्हा त्या एकट्याच कागदी-कापडी घड्यांचा तुर्की कंदील घेऊन फेरी मारत. चित्रांत दिसणारी पणतीसारखी तेलाची दिवटी ही चित्रकारांची कल्पना.

मग मृत्यू कमी कशामुळे झाले?

इथे गोष्ट वळण घेते. नाइटिंगेल आल्या, स्वच्छता झाली आणि मृत्यू थांबले, असे आपण शाळेत वाचतो. प्रत्यक्षात त्या आल्यानंतरच्या हिवाळ्यात मृत्यू वाढत गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुटारीत उपचार घेणाऱ्या शंभर जणांमागे सुमारे ४२ दगावत होते. बहुतेकांचा जीव जखमांनी घेतला नव्हता. अतिसार, कॉलरा, टायफस अशा रोगांनी घेतला होता.

मार्चमध्ये लंडनहून एक स्वच्छता आयोग आला. डॉ. जॉन सदरलँड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन त्यात होते. त्यांनी गटारे धुऊन काढली, ढीगभर घाण आणि मेलेली जनावरे हलवली, पाण्याचा मार्ग मोकळा केला, भिंतींना चुना दिला, हवा खेळती राहावी म्हणून छतांत आणि खिडक्यांत बदल केले. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शंभरामागे सुमारे दोनवर आले. परिचारिका त्याच होत्या. बदलली होती ती इमारत.

हे त्या वेळी नाइटिंगेल यांच्या पुरते लक्षात आले नव्हते. सैनिक उपाशी, थकलेल्या अवस्थेत आणि फार उशिरा रुग्णालयात आणले जातात, म्हणून मरतात, असे त्यांना वाटत होते. मे महिन्यात क्रिमियातील बालाक्लावा येथे त्या स्वतः तापाने मरणाच्या दारात जाऊन आल्या. तो आजार पुढे आयुष्यभर त्यांचा पाठलाग करत राहिला.

आकड्यांनी कोणते सत्य दाखवले?

ऑगस्ट १८५६ मध्ये त्या गाजावाजा टाळून, नाव बदलून, इंग्लंडला परतल्या. देशभर त्यांचे नाव झाले होते. सत्कार स्वीकारून घरी बसल्या असत्या तरी इतिहासात जागा पक्की होती. त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, ती सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणारा आयोग नेमावा यासाठी. १८५७ मध्ये तो नेमला गेला आणि त्याच्यासाठी त्यांनी आकडेवारी गोळा करायला घेतली. सोबत होते विल्यम फार, इंग्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणीतील नामवंत संख्याशास्त्रज्ञ.

नोंदी जुळवताना चित्र स्पष्ट होत गेले. आघाडीजवळच्या साध्या तंबूंतील रुग्णालयांपेक्षा स्कुटारीत माणसे अधिक मेली होती. म्हणजे ज्या ठिकाणी सर्वाधिक आजारी पाठवले गेले आणि ज्या ठिकाणी त्या स्वतः होत्या, तेच ठिकाण सर्वांत घातक होते. सैनिकांना उपचारासाठी आणले गेले आणि तुंबलेली गटारे, दूषित पाणी व कोंदट हवेने त्यांना मारले.

यानंतर त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. हा तपशील अहवालाच्या परिशिष्टांत दडू देणे हा पहिला. त्यात सरकारची अब्रू वाचत होती आणि त्यांचीही. दुसरा, तो उघड करणे. त्यांनी आपला शेकडो पानांचा अहवाल स्वखर्चाने छापला आणि निवडक प्रभावशाली व्यक्तींना पाठवला. लेखिका हॅरिएट मार्टिनो यांना माहिती पुरवली, ज्यांनी त्यावर सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिले. मंत्र्यांना तक्ते वाचण्याचा कंटाळा असतो हे ओळखून, त्यांनी वर्तुळाच्या पाकळ्यांसारखे रंगीत आलेख तयार केले. एक पाकळी एक महिना. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांनी झालेल्या मृत्यूंचा, लाल जखमांनी झालेल्या मृत्यूंचा. निळ्या रंगापुढे लाल रंग कसाबसा दिसतो. अक्षरओळख नसलेल्यालाही कळेल असा हा पुरावा होता. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

शांततेच्या काळातही इंग्लंडमधील बराकींत राहणाऱ्या तरुण सैनिकांचा मृत्युदर त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळपास दुप्पट आहे, हेही त्यांनी दाखवून दिले. नंतरच्या काळात बराकींची रचना, पाणी, सांडपाणी, लष्करी वैद्यकीय शिक्षण यांत सुधारणा झाल्या त्या यातूनच.

स्वतःचाच प्रसूती विभाग त्यांनी का तपासला?

जनतेने त्यांच्या सन्मानार्थ जमवलेल्या सुमारे ४५ हजार पौंडांच्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिका प्रशिक्षण शाळा सुरू झाली. याच निधीतून किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुईणींच्या प्रशिक्षणासाठी एक प्रसूती विभागही उघडला गेला. हेतू उत्तम होता. गरीब बायकांना सोय आणि खेड्यांना शिकलेल्या सुईणी मिळतील.

पण तिथे बाळंतज्वराने बायका मरू लागल्या. १८६७ मध्ये विभाग बंद करावा लागला. प्रकरण इथेच मिटवता आले असते. नाइटिंगेल यांनी मात्र अनेक ठिकाणच्या प्रसूतिगृहांतील आकडे मागवून घरी होणाऱ्या बाळंतपणांशी त्यांची तुलना केली आणि १८७१ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. निष्कर्ष असा की, गरिबाच्या घरातील बाळंतपण मोठ्या प्रसूतिगृहातील बाळंतपणापेक्षा अधिक सुरक्षित ठरत होते. बाळंतपण हा आजार नाही, तेव्हा धडधाकट बाई रुग्णालयात येऊन मरत असेल तर दोष रुग्णालयाचा, असा त्यांचा युक्तिवाद होता. अपयशाच्या या हिशेबात त्यांच्या नावाच्या निधीवर चाललेला विभागही होता.

रुग्णालयाने निदान रुग्णाचे नुकसान तरी करू नये, हा विचार त्यांनी ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’ या पुस्तकात आधीच मांडला होता. स्कुटारी आणि किंग्ज कॉलेज या दोन्ही ठिकाणी त्यांनी तो स्वतःला लावून पाहिला.

रुग्णाच्या बाजूने म्हणजे रोजच्या कामात काय?

‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे त्यांचे छोटे पुस्तक घरोघरी आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या बायकांसाठी होते. त्यातील सूचना वाचताना आजच्या वॉर्डाचीच आठवण होते. रुग्णाच्या खोलीत किंवा दाराबाहेर कुजबुजत त्याच्याविषयी बोलू नये, कारण तो कान टवकारून ऐकत असतो आणि भलतेच समजून घेतो. नुकती झोप लागलेल्याला उठवू नये. भेटायला येऊन तू ठणठणीत होशील अशी पोकळ आश्वासने आणि फुकटचे सल्ले देऊ नयेत, त्याने रुग्णाला धीर येत नाही, तो एकटा पडतो. रुग्णाने काय खाल्ले, किती झोपला, हे अंदाजाने सांगू नये. पाहून, मोजून सांगावे. चुकीच्या माहितीवर डॉक्टर चुकीचा निर्णय घेतात.

आणखी एक मुद्दा त्यांनी ठासून मांडला. आपण हजर असताना जे होते, ते आपण नसतानाही होईल अशी व्यवस्था करणे, यालाच जबाबदारी म्हणतात. माझी ड्युटी नव्हती, हे उत्तर त्यांना चालत नसे.

गरिबांसाठी वेगळा नियम चालेल का, हा प्रश्नही त्यांनी धसास लावला. निराधारांसाठीच्या वर्कहाउसमध्ये आजाऱ्यांची देखभाल तिथल्याच निराधार बायकांवर सोडलेली असे. लिव्हरपूलचे दानशूर विल्यम रॅथबोन यांच्या प्रयत्नातून १८६५ मध्ये तिथल्या वर्कहाउसच्या रुग्णालयात प्रथमच प्रशिक्षित परिचारिका गेल्या. ॲग्नेस जोन्स यांनी १२ नर्सेस सोबत घेऊन हे काम उभे केले आणि १८६८ मध्ये टायफसने त्यांचा तिथेच मृत्यू झाला. आजारी पडलेला गरीब हा आधी रुग्ण असतो, नंतर गरीब, ही नाइटिंगेल यांची भूमिका होती. लंडनमध्ये १८६७च्या कायद्याने निराधार आजाऱ्यांसाठी वेगळी रुग्णालये उभारण्याचा मार्ग मोकळा झाला, त्यासाठीही त्यांनी पाठपुरावा केला होता.

भारताशी आणि पुण्याशी त्यांचा संबंध काय?

नाइटिंगेल भारतात कधीच आल्या नाहीत. तरीही त्यांच्या कामाची जवळपास ४० वर्षे भारताशी जोडलेली आहेत. १८५७च्या उठावानंतर भारतातील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणारा आयोग १८५९ मध्ये नेमला गेला. त्यांनी देशभरातील लष्करी ठाण्यांना प्रश्नावल्या पाठवून माहिती मागवली. १८६३च्या अहवालातून दिसले की, हजारामागे ६९ सैनिक दरवर्षी मरत होते आणि बहुतेक टाळता येण्याजोग्या कारणांनी. पाणी, सांडपाणी आणि दाटीवाटीच्या बराकी यांत सुधारणा झाल्यानंतर दहा वर्षांत हे प्रमाण १८वर आल्याचे त्यांनी मांडले.

सुरुवातीला त्यांची नजर गोऱ्या सैनिकांवर होती. पण छावणीशेजारची वस्ती आजारी असेल तर छावणी निरोगी राहू शकत नाही, हे आकड्यांतूनच त्यांच्या लक्षात आले. मग दुष्काळ, पाटबंधारे, शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा आणि खेड्यांतील स्वच्छता हे विषय त्यांच्या लिखाणात येऊ लागले. खेड्यांच्या स्वच्छतेच्या प्रश्नावर पुणे सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्राला त्यांची प्रस्तावना आहे. ब्रिटिश राजवट असावी की नसावी, हा त्यांचा प्रश्न नव्हता. त्या साम्राज्याच्या चौकटीतच विचार करत. पण प्रजेच्या मरणाची जबाबदारी राज्यकर्त्यांवर असते, हे त्या व्हाइसरॉयपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना सुनावत राहिल्या.

त्यांच्यावर टीका कशासाठी होते?

त्यांच्या काही भूमिका काळाच्या कसोटीवर टिकल्या नाहीत. रोग जंतूंमुळे होतो हे मान्य करायला त्यांनी बराच वेळ घेतला. दूषित हवा आणि घाण हेच कारण, या जुन्या समजुतीवर त्यांची भिस्त होती. त्या समजुतीतून सुचलेले उपाय, म्हणजे स्वच्छ पाणी, गटारे आणि मोकळी हवा, उपयोगी ठरले हा भाग वेगळा.

१८८७ नंतर एथेल बेडफर्ड फेन्विक यांच्या पुढाकाराने परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी ही चळवळ सुरू झाली. नाइटिंगेल यांनी तिला कडाडून विरोध केला. परीक्षेतून ज्ञान तपासता येते, माणुसकी आणि चारित्र्य नाही, असे त्यांचे म्हणणे. पण नोंदणी नसेल तर अप्रशिक्षित व्यक्तीपासून रुग्णाला कोण वाचवणार, हा विरोधकांचा सवालही रुग्णाच्याच बाजूचा होता. इंग्लंडमध्ये नोंदणीचा कायदा झाला तो त्यांच्या निधनानंतर, १९१९ मध्ये.

जमैकाच्या मेरी सीकोल यांची उपेक्षा हा आणखी एक मुद्दा. क्रिमियाला जाणाऱ्या परिचारिकांत स्थान न मिळाल्यावर सीकोल स्वखर्चाने तिथे पोहोचल्या आणि बालाक्लावाजवळ सैनिकांना अन्न, औषध आणि आधार देत राहिल्या. कृष्णवर्णीय असल्याने त्यांचे नाव दीर्घकाळ मागे पडले. अलीकडे लंडनमध्ये सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारातच त्यांचा पुतळा उभारला गेला आहे.

दिवा घेऊन घेतली जाणारी शपथ त्यांनी लिहिली का?

नाही. नाइटिंगेल यांच्या नावाने ओळखली जाणारी शपथ १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉईट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या नेतृत्वाखालील समितीने तयार केली. मूळ मसुद्यात डॉक्टरांच्या कामात निष्ठेने साह्य करण्याचे वचन आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ मध्ये स्वीकारलेल्या पहिल्या आचारसंहितेतही डॉक्टरांच्या आदेशांचे पालन हे कर्तव्य होते. १९७३च्या सुधारित संहितेत मोठा बदल झाला. परिचारिकेची प्राथमिक जबाबदारी ज्याला शुश्रूषेची गरज आहे त्या माणसाप्रति, असे त्यात मान्य करण्यात आले. सहकाऱ्याच्या किंवा अन्य कोणाच्या वागण्याने रुग्णाला धोका होत असेल तर त्याच्या रक्षणासाठी पाऊल उचलणे, हेही कर्तव्य ठरले.

आज नर्सिंगच्या अभ्यासक्रमात चार तत्त्वे शिकवली जातात. रुग्णाच्या मताचा मान, त्याचे हित, त्याचे नुकसान न करणे आणि न्याय. यांपैकी रुग्णाच्या मताचा मान हे तत्त्व नाइटिंगेल यांच्या काळात आजच्या अर्थाने नव्हतेच. रुग्णाचे हित आपल्याला कळते, अशीच त्यांची धारणा होती. उरलेल्या तिन्हींसाठी मात्र त्यांच्या आयुष्यातील उदाहरणे पुरेशी आहेत.

त्यांचा शेवट कसा झाला?

क्रिमियाहून आल्यानंतर उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग त्यांनी लंडनमधील घरात, बऱ्याचदा अंथरुणावरच काढला. तिथूनच हजारो पत्रे, अहवाल आणि निवेदने गेली. अखेरच्या वर्षांत दृष्टी गेली. १९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा ब्रिटनचा मोठा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदीत त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन करण्याचा प्रस्ताव कुटुंबाने नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात, कुटुंबीयांच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले. समाधीच्या दगडावर त्यांचे पूर्ण नाव नाही, फक्त आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूची नोंद आहे.

येत्या १२ मे रोजी पुन्हा दिवे लागतील. रात्रपाळीला एका परिचारिकेवर किती खाटा असतात, तुंबलेल्या शौचालयाची तक्रार कोणाच्या टेबलावर पडून राहते आणि वॉर्डातील मृत्यूंचा खरा हिशेब कोण मांडते, हे प्रश्न त्या दिवशीही तितकेच लागू असतील. नाइटिंगेल यांनी ते आपल्या काळात विचारले आणि त्यांच्या उत्तरांत स्वतःचा विभागही वगळला नाही.